काशीकरांचे न्यायासन

न्यायाधीश भ्रष्ट म्हटला की आपल्यापुढे नोटांचे पुडके येते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मधले काशीकर दमडीही घेत नाहीत. अभिरूप न्यायालयात ते खुर्चीवरून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरतात, बेणारेबाईंविरुद्ध कानावर पडलेले सांगतात आणि परत येऊन निकालही देतात. सुखात्मे तर फिर्यादीचेही वकील, आरोपीचेही! आरोप भ्रूणहत्येचा, आणि हुकूम गर्भ नष्ट करण्याचा. ही विसंगती कोणालाच टोचत नाही, कारण प्रत्येकजण मनाने नीतिरक्षक. प्रोफेसर दामल्यांना मात्र आरोपी करावे असे कोणाला सुचतही नाही.

किकवीच्या शाळेत मी मुलांना माहुलीच्या रामशास्त्र्यांची गोष्ट सांगतो. नारायणरावांच्या 1773 मधील खुनाचा दोष त्यांनी राघोबादादांच्या पदरात घातला. पण तिथे दडपण बाहेरून होते, समोर दिसत होते. काशीकरांवर कोणाचेच दडपण नाही.

एक गोष्ट खटकते. कान कोरणारे काशीकर तेंडुलकरांनी हास्यास्पद केले आहेत, त्यामुळे प्रेक्षक हसून मोकळा होतो. तेच काशीकर शांत, विद्वान आणि मृदुभाषी असते, तर त्यांचा निकाल आपल्यापैकी कितीजणांना पटला असता?