झोपेचे सोंग

हुकूमशाहीचे चित्रण करताना कथाकाराची दृष्टी बहुधा अत्याचारी आणि त्याचे बळी यांवर खिळते. स्वतः गोळी न झाडणारा, पण झाडणाऱ्याचा हातही न धरणारा मोठा समाज मात्र दुर्लक्षित राहतो. इटलीच्या दोन लेखकांनी त्याचा शोध घेतला आहे. त्यांपैकी एकाचा शोध आम्हांस अधिक खोल वाटतो.

आल्बेर्तो मोराव्हिया यांच्या ‘इल कॉन्फॉर्मिस्ता’ (१९५१) या कादंबरीचा नायक मार्चेल्लो याला चारचौघांसारखे होण्याची विलक्षण ओढ आहे. तिच्यापायी तो आपल्या जुन्या प्राध्यापकाच्या हत्येस हातभार लावतो. ही ओढ लेखकाने अचूक हेरली आहे. परंतु तिचे मूळ तो नायकाच्या बालपणातील एका हिंसक प्रसंगात दाखवितो. तेथे वाचकाला पळवाट सापडते. आपल्या बालपणी असे काही घडले नाही, असे म्हणून तो निर्धास्त होतो.

ज्योर्जो बास्सानी ही पळवाट ठेवीत नाहीत. १९४३ च्या नोव्हेंबरात फेर्रारा शहरात फासिस्टांनी अकरा जणांना गोळ्या घातल्या. या सत्यघटनेवर आधारलेली त्यांची ‘१९४३ सालची एक रात्र’ ही कथा १९५६ चे स्त्रेगा पारितोषिक मिळविणाऱ्या संग्रहात आहे. तिच्यातील पंगू औषधविक्रेता पीनो बारिलारी दुकानावरच्या खिडकीशी बसून असतो. समोरच किल्ल्याचा खंदक. कत्तल तेथेच झालेली. १९४६ च्या खटल्यात त्याची साक्ष निघते, तेव्हा आपण झोपलो होतो, एवढेच तो सांगतो.

हे केवळ भय नव्हे. त्या रात्री त्याची पत्नी परपुरुषाकडे गेली होती. आपण जागे होतो असे कबूल करावे, तर तिला परतताना पाहिले हेही कबूल करावे लागणार. घराची अब्रू झाकताना अकरा खून झाकले जातात.

बारिलारीलाही खाजगी कारण आहेच, असा आक्षेप कोणी घेईल. पण मार्चेल्लोचे कारण अपवादात्मक आहे. बारिलारीचे कोणत्याही सभ्य घरात आढळेल असे आहे. शिवाय तो एकटा नाही. खंदकालगतच्या त्या पदपथावरून चालणे गावकरीही टाळतात. त्याच्या एका शब्दात साऱ्या गावाची झोप सामावलेली आहे.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेणाऱ्याला नाही, असे आपण म्हणतो. असे सोंग कोणत्या साध्या, घरगुती कारणाने घेतले जाते, हे ही कथा दाखविते. म्हणूनच ती वाचून निर्धास्त होता येत नाही.