पडवळाची भाजी आणि काचेची बशी

मूल न होणाऱ्या बाईसाठी मराठीत शब्द आहे, कानडीतही आहे. आपण ‘वांझ’ म्हणतो, ते ‘बंजे’ म्हणतात. आमच्या या पट्ट्यात दोन भाषांवरून इतकी वर्षे इतके काही झाले, पण या एका शब्दाबाबत दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे. मूल न होणाऱ्या पुरुषासाठी मात्र दोन्हीकडे घरगुती शब्द नाही. ‘षंढ’, ‘नपुंसक’ हे आहेत, पण ते वेगळ्या गोष्टीचे. ज्याचा संसार सर्व अर्थांनी सुरळीत चालला आहे, पण तपासणीत ज्याच्या वीर्यात शुक्रजंतू कमी किंवा अजिबात नाहीत असे निघते, अशा धडधाकट माणसाला काय म्हणायचे? शब्द नाही म्हणून तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपल्या कथा-नाटकांतही तो फारसा भेटत नाही. वस्तुस्थिती अशी की मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असते.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यागोत्यात तीन घरांत ही ‘ट्रीटमेंट’ झाली, आणि त्या तिन्ही घरांत मला स्वयंपाकघरात गाठून हलक्या आवाजात तेच तेच प्रश्न विचारले गेले. दोष कोणाचा? मूल आपलेच ना? पहिल्या खेपेला होते का? नंतर महिनाभर पडून राहायचे का? मी डॉक्टर नव्हे, साहित्य शिकवणारी बाई. त्यामुळे उत्तरे डॉक्टरांकडून घेतली आणि प्रश्न घेऊन आपल्या नाटक-सिनेमांकडे गेले. त्यांनी हे प्रश्न कसे हाताळले, एवढेच इथे पाहायचे आहे.

सुरुवात घराजवळूनच करते. चंद्रशेखर कंबार हे आपल्याच जिल्ह्यातील घोडगेरीचे. त्यांचे ‘जोकुमारस्वामी’ हे १९७२चे नाटक. गणपतीनंतर भाद्रपदात डोक्यावरच्या बुट्टीत मातीचा जोकुमार घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका आपल्याकडच्या अनेकांनी लहानपणी पाहिल्या असतील. जोकुमार हा पावसाचा, पिकाचा, संततीचा देव. नाटकातल्या गौडाच्या बायकोला मूल नाही. तिने या देवाची पूजा करून त्याचे पडवळ शिजवायचे आणि ती भाजी नवऱ्याला खायला घालायची, असा उपाय ठरतो. भाजी चुकून बसण्णाच्या पोटात जाते. बसण्णा म्हणजे जमिनीवरून गौडाशी उभा दावा मांडलेला शेतकरी. पुढे जे व्हायचे ते होते, गौडाच्या बायकोला दिवस राहतात, आणि गौड बसण्णाला संपवतो.

या नाटकाचे मोठेपण मी नव्याने सांगायला नको. बयलाटाच्या मोकळ्या, चावट घाटात कंबारांनी जमीन आणि बाई हे दोन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंफले आहेत की सोडवू म्हटले तरी सुटत नाहीत. दोष नवऱ्याचा आहे हे गावासमोर म्हणण्याचे धैर्य या नाटकात आहे, आणि १९७२ साली ते लहान नव्हते. पण धैर्य तिथेच थांबते. गौड शक्तिहीन आहे, म्हणजे पुन्हा तो ‘षंढ’ या जुन्या शब्दात बसणारा. तो हास्यास्पद आहे, जुलमी आहे, म्हणून त्याला मूल नाही हे प्रेक्षकाला पटते. चांगला, प्रेमळ, समर्थ नवरा आणि तरीही मूल नाही, ही खरी अवघड परिस्थिती नाटकाला पेलायचीच नव्हती.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. कसेल त्याची जमीन, तसे ज्याचे बी त्याचे मूल, हे रूपक या नाटकाचा कणा आहे. ते कंबारांचे नव्हे. बाई म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज ही मांडणी आपल्या स्मृतिग्रंथांइतकी जुनी. पण सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फॉन बेअरने १८२७ साली पाहिले, तेव्हाच या रूपकाखालची जमीन सरकली. बाईही बीज देते, निम्मे. पुढे आयव्हीएफने तर बीज आणि क्षेत्र वेगळे करून दाखवले. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घेऊन बीजे वाढवायची, शेवटच्या इंजेक्शनानंतर साधारण छत्तीस तासांनी थोडी भूल देऊन ती काढायची, काचेच्या बशीत शुक्रजंतूंशी गाठ घालायची, आणि तीन किंवा पाच दिवसांनी तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवायचा. नळी कुठेच नाही. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे वर्तमानपत्री नाव. शुक्रजंतू अगदीच कमी असतील तर एकेक उचलून सुईने थेट बीजात सोडता येतो. ही युक्ती १९९२ साली ब्रुसेल्समध्ये यशस्वी झाली, आणि गौडासारख्यांचे नव्हे तरी त्याच्याहून कितीतरी सालस नवऱ्यांचे प्रश्न तिने सोडवले. कंबारांचे पडवळ जिथे चुकीच्या माणसाच्या पोटात जाऊन नाट्य घडवते, तिथे आता सारे नाट्य एका बशीत, शांतपणे, कोणी न पाहता घडते. रंगभूमीने त्याचे काय करायचे, हा प्रश्नच आहे.

हिंदी सिनेमाने उत्तर काढले ते म्हणजे तो भागच वगळायचे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी मुलगी जन्मली, जगातल्या पहिल्या मुलीनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, परदेशी जाऊन काम मांडू दिले नाही, शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के.ई.एम.मध्ये १९८६ साली जन्मलेली मुलगी बराच काळ देशातली पहिली मानली गेली. तिच्यामागचे शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रे वाचून, आपल्या नावावरचा मान त्यांना देऊन टाकला. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) याच शोकांतिकेवरून सुचलेला. पंकज कपूरचे काम आजही अंगावर येते. पण चित्रपटातला डॉक्टर शोधतो ती कुष्ठरोगावरची लस! डॉक्टरचा छळ पडद्यावर आला, त्याचे काम आले नाही. लस प्रेक्षकाला समजते, तिच्यात लाज नाही, आणि छळ झालेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट तिच्यावर निभावते, हे मला मान्य. तरी वाटते, हा बदल केवळ सोयीचा नाही. मुखोपाध्यायांना ज्या संकोचाने चिरडले, तोच संकोच इथे पटकथेच्या खुर्चीत येऊन बसला आहे.

आपल्या मराठीत समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय’ आला २०११ साली, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन. विदर्भातली यशोदा पैशासाठी परदेशी जोडप्याचा गर्भ वाढवते. मूल अपंग होणार असे कळल्यावर ती परदेशी बाई पाठ फिरवते, आणि यशोदा ते गोरे पोर माधव म्हणून वाढवते. ‘मूल कोणाचे’ हा प्रश्न इतक्या थेट विचारणारा मराठी चित्रपट दुसरा मला आठवत नाही. फक्त नायिकेचे नाव यशोदा ठेवले की उत्तर आधीच दिलेले असते. ती दुसरी बाई, जिचे बीज आहे, ती किती वर्षे, किती सुया, किती नकार पचवून इथवर आली, याला चित्रपटाकडे पाच मिनिटेही नाहीत. तिला खलनायिका केल्याने आपले अश्रू सोपे होतात. हिंदीत याचाच ‘मिमी’ झाला २०२१ साली, आणि त्याच वर्षी संसदेने पैसे घेऊन गर्भ वाढवण्यावर बंदी घातली. कथानक पडद्यावर येते न येते तोच इतिहासजमा झाले. ‘गुड न्यूज’ (२०१९) या विनोदी चित्रपटाबद्दल इतकेच की दोन जोडप्यांच्या नमुन्यांची अदलाबदल हा आमच्या घरांतल्या बायकांच्या झोपा उडवणारा विषय आहे, आणि तो पाहून आलेल्या एका सासूने सुनेची पुढची तारीख रद्द करायला लावली होती. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०२१च्या कायद्यानुसार अशा उपचारातून जन्मलेले मूल, दात्याचे बीज वापरले असले तरी, त्या जोडप्याचेच.

मग राहिले दोन प्रश्न. पहिल्या खेपेला होते का? पस्तिशीच्या आतल्या बाईच्या बाबतीतही एका खेपेला न होण्याचीच शक्यता जास्त. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने ती आशा फारच थोडी उरते. पडून राहावे का? नको, त्याने फायदा होतो असे दिसलेले नाही. ही उत्तरे कोणत्याही नाटकात येणार नाहीत, आणि येऊ नयेत. पण त्या उत्तरांमागचे जगणे यायला हवे होते. अपयश हा या विषयाचा गाभा आहे आणि आपल्या साऱ्या कलाकृतींत गर्भ पहिल्याच झटक्यात राहतो, कारण पुढची गोष्ट सुरू व्हायची असते.

‘जॉय’ (२०२४) हा इंग्रजी चित्रपट मला एवढ्यासाठीच आवडला. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्यासोबत प्रयोगशाळेत राबलेल्या जीन पर्डी या परिचारिकेची ही कथा. १९८५ साली ती गेली, आणि इस्पितळाबाहेरच्या पाटीवर तिचे नाव लागायला २०१५ साल उजाडले. १९७८ला लुईस ब्राऊन जन्मली त्याआधी २८०च्या आसपास बायकांनी या उपचाराला शरीर दिले आणि बहुतेकींच्या हाती काही लागले नाही. त्या स्वतःला ‘ओव्हम क्लब’ म्हणत. चित्रपट थोडा गोड आहे, संगीत जरा जास्तच आहे, पण रांगेत सुया टोचून घेणाऱ्या त्या बायकांकडे तो पाहतो.

आमच्याकडे तो क्लब आहेच. भाचीबरोबर गेले तेव्हा मी पाहिला. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायका एकमेकींना नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, भाषाही विचारत नाहीत. एका खानापूरच्या मुलीला शेजारची कानडी बाई म्हणाली, ‘एष्टनेदु?’ म्हणजे कितवी खेप. मुलीने तीन बोटे दाखवली. त्या बाईने पिशवीतून डबा काढला, शेंगदाण्याचे दोन लाडू तिच्या हातावर ठेवले आणि स्वतःची पाच बोटे वर केली.