चमच्याची पावती

भांड्यांचा संग्रह करणाऱ्या माणसाकडे जेवायला जाऊ नये. माझा भाचा डब्लिनला असतो आणि जुनी आयरिश चांदीची भांडी जमवतो. भांडी म्हणजे चमचेच; मोठी भांडी त्याच्या पगारात बसत नाहीत. त्याच्याकडे गेलो तेव्हा कपाटात चांदीचे चौदा चमचे आणि माझ्या आमटीत स्टीलचा!

"मामा, ठसे बघा," म्हणत त्याने हातात भिंग दिलं. मुकुटधारी वीणा दिसली. १६३७ पासूनची ही शुद्धतेची खूण. हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी एक बाई बसलेली. मी नमस्कारच करणार होतो. पण ती हायबर्निया, म्हणजे साक्षात आयर्लंड. आणि १७३० साली ती आली औंसामागे सहा पेन्स कर भरल्याची खूण म्हणून. म्हणजे पावतीच की! घरपट्टीची पावती आपण कधी भिंगातून पाहिली आहे का?

मानलं ते कॉर्कच्या कारागिरांना. तपासणीसाठी माल डब्लिनला पाठवायचा, तर रस्ते वाईट आणि वाटेत चोर. त्यांनी आपल्याच हाताने 'स्टर्लिंग' असं ठोकून दिलं. सोनाराने स्वतःला दिलेलं हे प्रशस्तिपत्र, आणि संग्राहक त्यालाच जास्त पैसे मोजतात!

दुसऱ्या दिवशी कॉलिन्स बॅरॅक्समधलं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. तिथे अठराव्या शतकातलं चांदीचं जाळीदार कडं होतं. नाव 'पोटॅटो रिंग', काम गरम वाडगं टेबलापासून वर धरण्याचं. थोडक्यात, श्रीमंताघरची चुंबळ. बटाट्याशी नातं नावापुरतंच. ज्यांचं खरं नातं होतं, त्यांच्या बटाट्यावर १८४५ साली रोग पडला आणि पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं गेली. त्यांचं एकही भांडं त्या कपाटात दिसलं नाही. या छंदावर माझा आक्षेप आहे तो इथे. ठसा चांदीचा कस सांगतो, कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं ते सांगत नाही.

भाच्याचा एक चमचा टोकाशी डावीकडे झिजलेला होता. "उजव्या हाताने खाऊन खाऊन असा झिजतो. किंमत पडते हो मामा," तो हळहळला.

"वेड्या, बाकीचे ठसे सोनाराचे आणि सरकारचे. जेवणाऱ्याचा ठसा एवढा एकच!"

त्याला पटलं नाही. पण त्याच आठवड्यात त्याच्या लेकीचं उष्टावण होतं. सूनबाईंनी चांदीचा चमचा मागितला. भाच्याने चौदाही चमचे तीन वेळा पाहिले आणि तोंड पाडून तो झिजका काढून दिला. पोरीने खीर चाखली आणि चमचा हिरडीने घट्ट धरला. सोडीचना.

"ठसे उमटतील ना!" भाचा ओरडला.

म्हटलं, उमटू देत. तारीख तेवढी लिहून ठेव.