कपाटातलं वाक्य

हेलन केलर म्हटलं की सगळ्यांना पंप आठवतो. एका हातावर पाण्याची धार, दुसऱ्या तळहातावर बोटांनी लिहिलेली अक्षरं, आणि वस्तूंना नावं असतात याचा एकाएकी लागलेला पत्ता. प्रसंग मोठाच आहे, आणि नाटक-सिनेमांनी तो मनसोक्त वापरलाही आहे. पण ॲनी सलिव्हन या शिक्षिकेची कारागिरी बघायची असेल, तर पंपापाशी रेंगाळू नये. एक शब्द कळल्यानंतर वाचता-लिहिता येईपर्यंतचा रस्ता लांब असतो. त्या रस्त्यावर बाईंनी काय काय केलं, ते ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (१९०३) या हेलनच्या आत्मकथनात आणि त्याला जोडलेल्या बाईंच्या पत्रांत-अहवालांत सापडतं.

३ मार्च १८८७ रोजी बाई अलाबामातल्या टस्कंबियाला पोचल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. त्यांची स्वतःची दृष्टी अधू. शिक्षण बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत झालेलं. हेलन पावणेसात वर्षांची, दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशी. पंपाचा दिवस ५ एप्रिलचा. त्यानंतर चारपाच दिवसांतच बाईंनी ठराविक वेळेचे धडे बंद करून टाकले. हेलनच्या नात्यातल्या सव्वा वर्षाच्या भावंडाकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की तान्ह्या मुलाशी कुणी सुटे शब्द मोजून बोलत नाही. मग हेलनच्या तळहातावर तरी सुटे शब्द का? कळो न कळो, त्या पूर्ण वाक्यात बोलू लागल्या. विद्यार्थ्याच्या वाट्याचं वाक्य त्यांनी कधी मोडून लहान केलं नाही, आणि पुढची सगळी लज्जत तिथूनच येते.

आता वाचनाच्या पट्ट्यांकडे येऊ. पुठ्ठ्याच्या छोट्या पट्ट्या आणि त्यांवर उठावाची अक्षरं, हे साधन बाईंचं नव्हे. त्याच्या पन्नास वर्षं आधी पर्किन्समध्येच सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी लॉरा ब्रिजमन या अशाच मुलीला शिकवताना सुरी, चमचा, किल्ली यांवर उठावाची नावं चिकटवली होती. बाईंनी हाऊंचे अहवाल बारकाईने वाचले होते. पण त्यांच्या गठ्ठ्यात वस्तूंच्या नावांबरोबर ‘आहे’, ‘वर’, ‘आत’ या अर्थाच्या पट्ट्याही होत्या. यात काय विशेष, असं वाटेल. पण ‘बाहुली’ चाचपता येते, ‘पलंग’ही चाचपता येतो, ‘आहे’ला हात कुठे लावायचा? म्हणून आधी बाहुलीवर ‘बाहुली’ आणि पलंगावर ‘पलंग’. मग खरीखुरी बाहुली पलंगावर ठेवायची आणि उरलेले शब्द तिच्या शेजारी ओळीने मांडायचे. वाक्य लिहिलं जातं आणि त्याच वेळी ते खरंही होतं. व्याकरणाचा एक शब्द न उच्चारता ‘वर’ शिकवण्याची ही रीत मला फार देखणी वाटते.

आणि मग कपाट. एके दिवशी हेलनने ‘मुलगी’ ही पट्टी आपल्या झग्यावर टाचली आणि ती कपडे ठेवायच्या मोठ्या कपाटात जाऊन उभी राहिली. आतल्या फळीवर तिने उरलेले शब्द लावले: मुलगी कपाटात आहे. नीट बघा, वाक्याचा कर्ता इथे नुसता लिहिलेला नाही, तो पायांवर उभा आहे. वाचणारी, लिहिणारी आणि जिच्याविषयी लिहिलंय ती, तिघी एकच. गुरू-शिष्य हा खेळ तासन् तास खेळत. खोलीतल्या साऱ्या सामानाची वाक्यं होऊन जात. आपल्याकडे अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरं आणि मग कुठे वाक्य, अशी पायरी पायरीने चाल असते. अपंग मुलाच्या बाबतीत तर पहिल्या पायरीवरच वर्षं निघून जातात, कारण ‘अजून अक्षरं पक्की नाहीत’. अक्षरं पक्की व्हायची वाट न पाहता या बाईंनी मुलीला थेट वाक्यात उभं राहू दिलं.

लिहिण्याच्या पहिल्या पाठातही हाच बेत दिसतो. आंधळ्यांसाठी एक खाचांची पाटी असे. ती दुमडलेल्या कागदाच्या आत सरकवायची आणि खाचेच्या आधाराने पेन्सिलीने चौकोनी वळणाची अक्षरं काढायची. दुसऱ्या कुणी रेघोट्यांपासून सुरुवात करून दिली असती. बाईंनी चौकोनी अक्षरांची मुळाक्षरं हेलनला चाचपायला दिली, तिचा हात धरला आणि मांजराच्या दूध पिण्याबद्दलचं एक अख्खं वाक्य काढून घेतलं. कागद घेऊन हेलन आईकडे धावली. आईने ते वाक्य तिच्या हातावर बोटांनी वाचून दाखवलं. पहिल्याच दिवशी लिखाणाला वाचक मिळाला! हाताला वळण लागायला पुढे रोजचा रियाज होताच.

या रीतीत एक उणीव होती: पेन्सिलीने लिहिलेलं हेलनला स्वतःला वाचता येत नसे. म्हणून त्यानंतर ब्रेल. आपलं लिहिलेलं आपल्यालाच वाचता येतं हे कळल्यावर ती ब्रेल आनंदाने शिकली. क्रम बघा. जगाला वाचता येईल अशी लिपी आधी, स्वतःपुरती नंतर.

दरम्यान बाई परीक्षा घेत नव्हत्या. पेरलेलं रुजलं का, हे पाहायला सारखं उकरत बसणं म्हणजे वेळेची नासाडी, अशा अर्थाचं त्यांनी एका पत्रात लिहिलं आहे. मूल आपला वाटा उचलतंय असं धरूनच त्या चालत.

त्याचा पडताळा हेलनच्या पत्रांत मिळतो. पहिलं पत्र १७ जून १८८७ चं, नात्यातली बहीण ॲना हिला. विरामचिन्हं नाहीत, ‘मी’ नाही. हेलन स्वतःला हेलनच म्हणते. पण क्रियापदांकडे लक्ष द्या. सुरुवातीचं लिहिणं सोडलं तर पुढचं सगळं व्हायचं आहे: कुणी सफरचंद देणार, कुणी पक्षी मारणार, डॉक्टर धाकट्या बहिणीला, मिल्ड्रेडला औषध देणार, आई तिला नवा झगा शिवणार. हे पत्र म्हणजे येणाऱ्या गोष्टींची यादीच. दुसरं पत्र १२ जुलैचं, हंट्सव्हिलहून आईला. महिनाही झालेला नाही, आणि भूतकाळ आला आहे. इंग्रजी क्रियापदांची वेडीवाकडी रूपं बाजूला ठेवून ती प्रत्येक ठिकाणी ‘डिड’ लावते आणि बिनचूक मागे जाते: बाबांनी गाडीत पाणी दिलं, ॲनाने लिंबाचं सरबत दिलं, कंडक्टरने तिकिटाला भोक पाडलं. हे भोक तिने पाहिलेलं नाही, त्याचा आवाजही ऐकलेला नाही. तरी प्रवासातली ही एवढीशी गोष्ट आईला कळवण्याजोगी आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

ऑक्टोबरमध्ये पर्किन्सच्या अंध मुलींना लिहिलेल्या पत्रात ‘मी’ हजर आहे. आल्या आल्या तो कामालाही लागला आहे: सुंदर मेज पाठवल्याबद्दल आभार मानतो, आणि त्याच मेजावर मेम्फिसला गेलेल्या आईला पत्र लिहिलं, हेही सांगून टाकतो.