किशोर-कादंबरी, मराठी

साधारणपणे बारा ते अठरा वर्षे वयाचा मुलगा नायक असून त्याची संकटांशी झुंज, भोवतालच्या माणसांशी होणारा त्याचा संघर्ष आणि त्यातून त्याला येणारी जाण हा जिचा विषय असतो, अशी कादंबरी. तिचा वाचकही त्याच वयाचा असतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मराठीपुरते हे गृहीत तपासून पाहावे लागते. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या मराठी पुस्तकांत जीव धोक्यात घालणारी साहसे पुष्कळ आहेत. परंतु भूक, कर्ज, दुष्काळ, सुटलेली शाळा अशा रूपांत समोर येणारा जगण्याचा प्रश्न मुख्यत्वे प्रौढांसाठी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतच आढळतो.

इंग्रजीत हा भेद पुसण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. विल्यम गोल्डिंगच्या लॉर्ड ऑफ द फ्लाइज (१९५४) या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेली मुले अखेर परस्परांच्याच जिवावर उठतात. एस. ई. हिंटन या लेखिकेने स्वतः किशोरवयात लिहिलेली द आउटसायडर्स (१९६७) ही कादंबरी गरीब व श्रीमंत मुलांच्या टोळ्यांतील वैराची आहे. या पुस्तकानंतर अमेरिकेत किशोर-कादंबरी हा स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता पावला. मराठीत ‘किशोर’ हे मासिक राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये सुरू केले आणि या वयाचा वाचक निराळा आहे, याची दखल घेतली गेली. मात्र कादंबरीच्या क्षेत्रात तशी आखणी ठळकपणे झाली नाही.

साने गुरुजींची श्यामची आई (१९३५) ही नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यात दारिद्र्य आहे, कर्ज आहे, घराची अप्रतिष्ठाही आहे. परंतु या साऱ्याचे रूपांतर आईच्या शिकवणुकीत होते आणि श्यामचे वाढणे म्हणजे त्याचे चांगला होणे, असे समीकरण तयार होते. ना. धों. ताम्हनकरांच्या (१८९३–१९६१) गोट्यामध्ये हे समीकरण हलके-फुलके झाले आणि मध्यमवर्गीय घराच्या चौकटीत स्थिरावले.

भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) ही चौकट मोडली. झ्यूल व्हेर्नच्या साहसकथा मराठीत आणणाऱ्या भागवतांनी बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा नायक निर्माण केला. पुण्याजवळील फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, अंगाने किडकिडीत, सायकलीवर भन्नाट सुटणारा आणि मोक्याच्या क्षणी ‘टॉक्’ असा आवाज काढणारा हा मुलगा वीस पुस्तकांतून वाचकांना भेटला. उपदेशाचे ओझे उतरविणे, ही भागवतांची मोठी कामगिरी होय. फेणे चुकतो, फजीत होतो, पुन्हा उठतो. मोठ्यांच्या परवानगीची वाट तो पाहत नाही. दूरदर्शनवरील मालिका व पुढे चित्रपट (२०१७) यांनी त्याची लोकप्रियता टिकवून धरली. मात्र वीस पुस्तके संपली तरी फेणे जवळजवळ तेवढाच राहतो. संकट बाहेरून येते, चोर वा तस्कर पकडले जातात आणि घर जसेच्या तसे असते. घरच जेथे संकटात आहे अशा मुलाला या जगात जागा नाही. हा भागवतांचा दोष म्हणता येणार नाही, कारण साहसकथेचा संकेतच तसा आहे. परंतु मुलांच्या कपाटात त्या संकेताखेरीज फारसे काही नव्हते, हे खरे.

ती उणीव भरून काढणारी पुस्तके दुसऱ्याच कपाटात होती. उद्धव शेळके (१९३१–९२) यांच्या धग (१९६०) या वऱ्हाडी पार्श्वभूमीवरील कादंबरीची नायिका कौतिक ही आई असली, तरी बापाच्या आजारपणात मोडत गेलेला संसार नामा या मुलाच्या वाट्यालाही येतो. आनंद यादव (१९३५–२०१६) यांची झोंबी (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी तर थेट मुलाचीच आहे. कागलच्या कुळवाडी घरातील आंदाला बाप शाळेतून काढून शेतात जुंपतो. आईला सोबत घेऊन मुलगा गावातील वजनदार गृहस्थांकडे जातो, त्यांच्याकरवी बापाला नमवितो. पण बाप अटी घालतो. सकाळी शेतात राबायचे, मग शाळा, शाळेनंतर पुन्हा गुरे. वर्गात धोतराची टिंगल होते. कवितेची गोडी लावणारे सौंदलगेकर मास्तर भेटतात आणि पिकाला पाणी पाजता पाजता मुलगा कविता म्हणू लागतो. कागद नसेल तेव्हा म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी ओढतो. येथे खलनायक बाहेरचा नाही. तो बाप आहे, आणि त्या बापालाही गरिबीने तसे केले आहे. साहसकथेला न पेलणारा हा गुंता यादवांनी पेलला. झोंबीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला (१९९०). तिच्यातील एक भाग ‘जूझ’ या नावाने हिंदीच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला. म्हणजे किशोरांसाठी ती योग्य आहे, हे ओळखले गेले ते हिंदीतून, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

मध्यमवर्गीय वातावरणातही पुढे वेगळी वाट दिसली. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या वनवास (१९९४) पासूनच्या चार संग्रहांतील लंपन आणि मिलिंद बोकील यांच्या शाळा (२००४) या कादंबरीतील आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग ही त्याची उदाहरणे. लंपनचे जग तर कथांचे, कादंबरीचे नव्हे. तरीही त्याचे मोठे होणे त्यांत सलग जाणवते. दोन्हींत उपदेश नाही आणि साहसाची आतषबाजीही नाही. पण जगून राहण्याचा प्रश्नही तेथे नाही.

तो प्रश्न पुन्हा केंद्रस्थानी आणला बुलढाणा जिल्ह्यातील लेखनाने. चिखली तालुक्यातील अमडापूर येथे जन्मलेले सदानंद देशमुख (जन्म १९५९) यांनी पावसाच्या भरवशावर चालणारी कोरडवाहू शेती, वऱ्हाडी बोली आणि तालुक्याच्या गावी शिकायला जाणारी पोरे यांना कथा-कादंबऱ्यांतून स्थान दिले. पाणीटंचाईवरील तहान (१९९८) नंतर आलेल्या बारोमास (२००२) या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला (२००४). तिचा नायक एकनाथ किशोर नाही. तो शिकलेला, विवाहित आणि बेकार आहे. तथापि किशोर-कादंबरीच्या चर्चेत तिला वगळता येत नाही, कारण झोंबीने जिथे आशा ठेवली तिथून तिची सुरुवात होते. आंदाला शाळा मिळाली की सुटका होते, असा विश्वास यादवांच्या पानापानांत आहे. एकनाथ तीच शाळा पार करून पदवी घेऊन बसला आहे. नोकरीसाठी संस्थाचालकांना द्यायला पैसा नाही आणि शेतीत राबण्याची घरच्यांची अपेक्षा सुटत नाही. शहरातून आलेली पत्नी अलका या जगात रुजत नाही. वयाने मोठा होऊनही तो मोठा होऊ शकत नाही. वाढ थांबण्याचे कारण त्याच्या स्वभावात जितके आहे, त्याहून अधिक कापसाच्या भावात आणि शेतकऱ्याच्या कर्जात आहे.

बारोमासचे संवाद वऱ्हाडीत आहेत. पुणेरी प्रमाणभाषेत सायकल दामटणाऱ्या फेणेच्या वाचकाला ते सुरुवातीला अडखळायला लावतील. पण चिखली-मेहकरकडील विद्यार्थ्याला त्यांत आपल्या घरचे बोलणे ऐकू येते. छापील पुस्तकात असे ऐकू येणे ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. कादंबरीची उणीव दुसरीकडे आहे. एकनाथचा धाकटा भाऊ मधू शेतीवर विश्वास गमावून बसलेला आहे. पदवीपर्यंत पोचून फसलेल्या थोरल्या भावाकडे पाहत तो वाढला आहे; ‘शिकून काय मिळाले?’ या प्रश्नाचे जिवंत उत्तर त्याच्या घरातच बसलेले आहे. लेखकाचे सारे लक्ष मात्र एकनाथच्या कोंडीवर आहे आणि मधू बहुतेक वेळा त्या कोंडीची एक बाजू म्हणूनच दिसतो. त्याच्या नजरेने तेच घर आणि तेच शेत मांडले असते, तर बारोमासमध्ये एक पूर्ण किशोर-कादंबरी सामावली असती.