केमार्ट का बुडाली? जरा थांबा

‘केमार्टने नको ते धंदे विकत घेतले, म्हणून २००२ मध्ये दिवाळखोरी आली.’ केस स्टडीतलं हे उत्तर सोपं आहे, पण पुरत नाही. केमार्टने १९८४ मध्ये वॉल्डनबुक्स ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी घेतली, खरंय. पण टार्गेटच्या मालक कंपनीकडेही बी. डाल्टन ही तसलीच साखळी होती की! केमार्ट, टार्गेट दोन्ही १९६२ च्या; टार्गेट तगली. बी. डाल्टन १९८६ च्या सुमारास विकली गेली, केमार्टने पुस्तकं १९९५ पर्यंत सांभाळली. तोवर गोदामं नि संगणकांत पैसा ओतणारी वॉलमार्ट विक्रीत पुढे निघून गेली होती. मग विचारायचं ते हे: वेळेत विकलं का नाही?

माझ्या पहिल्या मसुद्यात मीही फक्त बुडालेल्या कंपन्या घेतल्या होत्या. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, “तगलेल्यांनी हे केलं नव्हतं का?” प्रकरण परत लिहितेय.