मनीषाची मोनिषा : विनोदी मालिकेतले प्रेम आणि वर्ग

मंडळी, नामदेवरायांच्या या नरसीत उभे राहून टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलायचे, म्हणजे जरा संकोचच वाटतो. पण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर नातवंडांच्या शेजारी बसून मालिका पाहिल्या. जी गोष्ट तासभर फळ्यापुढे उभे राहून विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नसे, ती हे लोक हसवत हसवत सांगून मोकळे होतात. फक्त अर्धीच सांगतात. उरलेल्या अर्ध्या गोष्टीकडे आज पाहू.

मालिका आहे ‘साराभाई वर्सेस साराभाई’. २००४ साली स्टार वनवर सुरू झाली, २००६ पर्यंत चालली. भाषा हिंदी, कुटुंब गुजराती, पण घर आपल्या मुंबईतले, कफ परेडचे. मुलगा साहिल डॉक्टर. ही भूमिका सुमीत राघवनची. त्याने प्रेमविवाह केला तो एका साध्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीशी. ती रूपाली गांगुली. सासू माया म्हणजे रत्ना पाठक शाह. सुनेने सेलमधून काही आणले, एकावर एक फुकट घेतले, की सासूबाई शहारतात आणि म्हणतात, हे फारच ‘मिडल क्लास’.

आता एक बारकावा बघा. या सुनेचे मूळचे नाव मनीषा. सासूला ते फार सामान्य वाटले, म्हणून तिने ‘मोनिषा’ केले. आपण हसतो. पण थांबा, आपल्याकडे काय होते? लग्नात ताटात तांदूळ पसरतात, अंगठीने नवे नाव लिहितात, सगळे टाळ्या वाजवतात. मुलगी वीस-बावीस वर्षे ज्या नावाला ‘ओ’ देत आली, ते त्या ताटात राहून जाते. माया निदान कारण तरी सांगते! आपण तेही सांगत नाही.

मालिकेचे मोठेपण आम्हाला असे वाटते : तिच्यात प्रेमकथा पहिल्या भागाआधीच संपलेली आहे. घरचे हो म्हणतील का, हा प्रश्नच नाही. सिनेमा वरमालेपाशी थांबतो. ही मालिका तिथून पुढे जाते. वर्गभेद लग्नाने मिटत नाही, तो चहाच्या कपात, सोफ्याच्या खोळीत, बोलण्याच्या हेलात रोज उगवतो, हे ती दाखवते. आणि हसू एकट्या सुनेवर नाही. सासरे इंद्रवदन, म्हणजे सतीश शाह, बायकोची खोड काढायला सुनेचीच बाजू घेतात. मायाचा तोराही तितकाच हास्यास्पद ठरतो. एवढा न्याय मालिकेने केला आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांनी १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात म्हटले, की माणसाची आवडनिवड ही त्याची एकट्याची नसते. ती वाढण्यातून येते आणि वर्गाची खूण होते. माया खोटे बोलत नाही. आपण सौंदर्य जपतो आहोत, असे तिला मनापासून वाटते. पंचाईत तीच आहे. उघड तुच्छतेशी भांडता येते. ‘चांगल्या अभिरुची’शी कसे भांडणार?

आता उरलेली अर्धी गोष्ट. अॅरिस्टॉटल ‘काव्यशास्त्रा’त सांगतो, की विनोदाला असे वैगुण्य लागते ज्यातून वेदना होत नाही. म्हणून विनोदी मालिका वर्गभेदातला न दुखणारा भागच उचलते. मोनिषाला औषधाला पैसे नाहीत, असे होत नाही. अंतर रुचीचे आहे, भाकरीचे नाही. मराठीत ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका २०१३ ते २०१६ चालली. ती विनोदी नव्हे, पण गोष्ट जवळचीच : बँकेत नोकरी करणारी जान्हवी आणि श्रीमंत घरातला श्री. इथे पैशाची दरी आहे खरी. पण आडनावे बघा, सहस्रबुद्धे आणि गोखले. पंगत एकच! जातीचे कुंपण शाबूत ठेवून आतल्या आत उंच-सखल दाखवले. ते कुंपण ओलांडणाऱ्या पोरा-पोरीचे काय होते, हे २०१६ साली ‘सैराट’ने दाखवले. तिथे शेवटी हसू येत नाही, कारण तिथे दुखते.

मग अशा मालिका पाहू नयेत का? खुशाल पाहा, आम्हीही पाहतो. फक्त हसून झाल्यावर विचारा : या प्रेमात बदलायला कोणाला सांगितले? नाव कोणाचे गेले?

शेवटी आपल्या गावाकडे येऊ. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरात राबली. त्या घरातले दळण-कांडण तिच्या अभंगांत आहे. साराभाईंच्या दिवाणखान्यातल्या गोष्टीत राबणाऱ्याला एवढी जागा नाही. जनाबाईने स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतले, पण अभंगाखाली नाव स्वतःचेच घातले, जनी. सातशे वर्षे झाली, ते कोणी बदलले नाही. घरी सून येईल तेव्हा तांदळाचे ताट जरूर मांडा. फक्त त्यात तिचेच नाव लिहा.